सातवी काचपेटी : मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र आधी फक्त तुमच्यासाठी लिहायला घेतलं होतं. त्याआधी दोन मेल पाठवले, एकदा फोन केला. ‘पुढच्या मीटिंगमध्ये बघू’ यापलीकडे काही हाती लागलं नाही, आणि पुढची मीटिंग मार्चमध्ये आहे. तोवर विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं प्रदर्शन उरकत आलेलं असेल. म्हणून सगळ्या सभासदांना वाचता येईल असं लिहिते आहे. त्या प्रदर्शनातून अंग काढून घ्यायचा निर्णय मंडळाच्या नावाने झाला आहे आणि मंडळ आपल्या सगळ्यांचं आहे.

अमेरिकेतल्या आपल्या या मराठी मंडळाची मी चौदा वर्षांपासून सभासद आहे. त्यातली सहा वर्षं रविवारच्या मराठी शाळेत तिसरीचा वर्ग घेतला. नोकरी इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात, दुर्मिळ ग्रंथ आणि हस्तलिखितांच्या विभागात. प्रदर्शन लागतं तेव्हा पुस्तकं, पत्रं, छायाचित्रं काचपेटीत बसवायचं काम माझ्याकडे असतं. पुस्तकाच्या कण्यावर ताण येऊ नये म्हणून मापाचा पाळणा कापायचा, पान मिटू नये म्हणून पारदर्शक पट्टी लावायची, कागदावर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड पडत नाही ना ते मीटरने तपासायचं. गेली अकरा वर्षं दर फेब्रुवारीत हे मी करते आहे.

या वर्षी कृष्णवर्णीयांच्या इतिहास, साहित्य आणि कलेच्या प्रदर्शनात सात काचपेट्या आहेत. सातवी आपली होती. ऑक्टोबरमध्ये कोजागरीच्या कार्यक्रमात, दूध आटत असताना, तुमच्यापैकी चौघांनी मला होकार दिला होता. तीन गोष्टी ठरल्या होत्या. सातव्या पेटीच्या छपाईचा खर्च मंडळ देणार होतं. शनिवार-रविवारी पाहुण्यांना माहिती सांगायला दहा स्वयंसेवक येणार होते. आणि एका रविवारी मराठी शाळेची मुलं प्रदर्शन पाहायला येणार होती. विभागाच्या प्रमुख बाईंना मी दुसऱ्याच दिवशी हे सांगितलं. त्या स्वतः कृष्णवर्णीय आहेत आणि तीस वर्षं हेच काम करत आल्या आहेत. त्यांनी लगेच आराखडा बदलून आपल्यासाठी दाराजवळची जागा राखून ठेवली.

मग संक्रांतीच्या आठवड्यात तुमचा चार ओळींचा मेल आला. ‘सदर विषय मंडळाच्या सांस्कृतिक उद्दिष्टांत बसत नाही. सध्याचं वातावरण पाहता मंडळाचं नाव कुठेही वापरू नये. जातीसंबंधीचा मजकूर वगळल्यास पुढील वर्षी विचार करता येईल. मुलांची भेट रद्द समजावी.’

या चार ओळींतली एकही मला मान्य नाही. का नाही, ते मोकळेपणाने सांगते.

आधी ‘बसत नाही’ या शब्दांबद्दल. ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाला हे शब्द फार ओळखीचे आहेत. १९३० साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्या, तेव्हा पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या दशांश पद्धतीने चालणाऱ्या ग्रंथालयांत कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकं सरसकट दोन क्रमांकांखाली टाकली जायची. ३२६ म्हणजे गुलामगिरी, नाहीतर ३२५ म्हणजे वसाहतीकरण. पुस्तक कवितेचं असो, संगीतावरचं असो, लेखक काळा म्हटल्यावर ते या दोन कपाटांत जायचं. पोर्टरबाईंनी हे मोडलं. कविता कवितेत नेल्या, इतिहास इतिहासात, संगीत संगीतात. पैसे नव्हते, तर पत्रं लिहून, ओळखी काढून, लोकांच्या माळ्यावरचे कागद मागून आणून संग्रह वाढवला. १९७३ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षं, त्या हेच करत राहिल्या. आज कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर काम करणारे अभ्यासक त्या संग्रहाकडे येतात. नोकरीला लागले तेव्हा प्रमुख बाईंनी मला सगळ्यात आधी सांगितलेली गोष्ट ही होती. तुमचा मेल वाचला तेव्हा तोच ३२६ क्रमांक डोळ्यांसमोर आला.

या प्रदर्शनांमागचा इतिहासही सांगते, कारण ‘हे सगळं हल्लीचं राजकारण आहे’ असं आपल्यापैकी एका सदस्यांनी फोनवर म्हटलं. कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर वुडसन यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मले होते. स्वतः वुडसन कोळशाच्या खाणीत राबले, विशीत हायस्कूलची पायरी चढले आणि १९१२ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. १९२६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा एक आठवडा सुरू केला. लिंकन आणि गुलामगिरीतून निसटून तिच्याविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस यांचे जन्मदिवस ज्यात येतात तो फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. त्याचा महिना केला तो विद्यार्थ्यांनी, ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात, १९७० मध्ये. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला मान्यता दिली ती आणखी सहा वर्षांनी, आणि फोर्ड रिपब्लिकन पक्षाचे होते. तेव्हा शंभर वर्षांची ही परंपरा आहे, आणि ती विद्यापीठांतच वाढली. अटलांटा विद्यापीठात चित्रकार हेल वुड्रफ यांनी १९४२ पासून दरवर्षी कृष्णवर्णीय कलावंतांचं प्रदर्शन भरवायला सुरुवात केली. दक्षिणेत त्या कलावंतांना दुसरीकडे चित्रं लावायला जागाच मिळत नव्हती. १९७० पर्यंत ते प्रदर्शन चाललं, आणि त्यातून विकत घेतलेल्या चित्रांचा संग्रह आजही तिथे आहे.

आमच्या पहिल्या पेटीत फिलिस व्हीटलीचं पुस्तक आहे. १७६१ साली सात-आठ वर्षांची ही मुलगी आफ्रिकेतून आणून बोस्टनमध्ये विकली गेली. ज्या जहाजातून आणली त्याचंच नाव तिला ठेवलं. बारा वर्षांनी, १७७३ मध्ये, तिच्या कवितांचं पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच बोस्टनच्या अठरा प्रतिष्ठित पुरुषांच्या नावांनिशी एक प्रमाणपत्र आहे, की या कविता खरोखर हिनेच लिहिल्या आहेत असं आम्हाला वाटतं. त्यांच्या दाखल्याशिवाय कुणाचा विश्वास बसला नसता. मागच्या आठवड्यात मी त्या पुस्तकाचा पाळणा कापत होते. कुठलं पान उघडं ठेवायचं यावर प्रमुख बाईंशी अर्धा तास चर्चा झाली. मला ते सह्यांचं पान दाखवायचं होतं. त्या म्हणाल्या, चित्राचं पान ठेव. त्या चित्रात फिलिस टेबलाशी बसली आहे, हातात पिसाची लेखणी आहे, समोर कागद आहे, गालावर बोट टेकवून ती विचार करते आहे. ‘लोकांनी आधी तिला लिहिताना पाहू दे,’ त्या म्हणाल्या, ‘सह्या करणारे नंतर.’ मी चित्राचंच पान ठेवलं. काम करताना मला सावित्रीबाई आठवत होत्या. त्यांचं ‘काव्यफुले’ १८५४ सालचं. आपण दर तीन जानेवारीला मंडळात त्यांच्या फोटोला हार घालतो.

आता सातव्या पेटीत काय होतं ते सभासदांना कळायला हवं, कारण मेलमध्ये ‘जातीसंबंधीचा मजकूर’ एवढाच उल्लेख आहे.

त्यात जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’चं अर्पणपत्रिकेचं पान होतं. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ च्या डिसेंबरात. आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात बसून जोतीरावांनी आपलं पुस्तक कुणाला अर्पण केलं? युनायटेड स्टेट्समधल्या सत्पुरुषांना, ज्यांनी निग्रो लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी निःस्वार्थपणे झीज सोसली त्यांना. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं, अशी आशाही त्याच अर्पणपत्रिकेत आहे. ते पान इंग्रजीत छापलेलं आहे. आपल्या शेजारच्या अमेरिकन कुटुंबाला दाखवता येईल असं, आपल्या मराठी माणसाने त्यांच्यासाठी दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं पान. ते काचेखाली ठेवायला आपण नको म्हणालो.

दुसऱ्या बाजूला दोन पत्रांच्या प्रती होत्या. एक बाबासाहेबांचं, १९४६ सालचं, कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉय यांना लिहिलेलं. दुसरं डुबॉय यांचं ३१ जुलै १९४६ चं उत्तर. मूळ कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या ग्रंथालयात, डुबॉय यांच्याच नावाच्या इमारतीत, त्यांच्या संग्रहात आहेत. घरबसल्या पाहताही येतात. बाबासाहेब लिहितात की आपली भेट झालेली नाही, पण नावाने मी तुम्हाला ओळखतो. मी निग्रोंच्या प्रश्नाचा अभ्यासक आहे, तुमचं लेखन वाचत आलो आहे. भारतातले अस्पृश्य आणि अमेरिकेतले निग्रो यांच्या स्थितीत एवढं साम्य आहे की हा अभ्यास नुसता स्वाभाविक नव्हे तर आवश्यक आहे. निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं होतं, त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या, कारण अस्पृश्यांनीही असंच काही करावं का याचा विचार चालू होता. डुबॉय यांनी उत्तरात कळवलं की तुमचं नाव आणि काम मला ठाऊक आहे, भारतातल्या अस्पृश्यांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे आणि काही मदत करता आली तर आनंदच वाटेल.

मी ती प्रत छापून घेतली तेव्हा दिवसभर टेबलावर तशीच राहू दिली. डुबॉय यांचं उत्तर छोटं आहे, पण त्यात मदतीची तयारी आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात शिकले. तिथून हार्लेमचा एकशे पस्तिसावा रस्ता अर्ध्या तासाच्या चालीवर आहे. त्या रस्त्यावरच्या ग्रंथालयातच आर्तुरो शोम्बर्ग यांनी जमवलेला संग्रह १९२६ साली आला. लहानपणी एका शिक्षिकेने ‘काळ्यांना इतिहास नसतो’ असं सांगितलं म्हणून आयुष्यभर पुस्तकं गोळा करणारा हा प्वेर्तो रिकोचा माणूस. त्याच शोम्बर्ग केंद्रात २०१३ साली भारतातल्या आफ्रिकनांवर मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यांनी आपल्या भारताचा इतिहास स्वतःच्या घरात मानाने लावला होता.

तिथूनच मलिक अंबरकडे येते. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून हातोहात विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि मुघलांना त्याने वर्षानुवर्षं दख्खनमध्ये पाय रोवू दिले नाहीत. १६१० साली खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली. मालोजीराजे निजामशाहीचे सरदार. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी मलिक अंबरच्या बाजूने लढले, शरीफजी तिथेच कामी आले. शिवजयंती १९ फेब्रुवारीला असते. आपण ती याच महिन्यात, या शहरात, ढोल-ताशाच्या गजरात साजरी करतो. शिवरायांचे वडील आणि काका ज्याच्या सैन्याबरोबर लढले त्याचं चित्र दहा मैलांवरच्या ग्रंथालयात लागणार होतं, आणि ते आपल्या ‘सांस्कृतिक उद्दिष्टांत’ बसत नाही असं आपण लिहून दिलं.

आणि पेटीत दलित पँथर होती. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली. सहा वर्षांनी मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या मित्रांनी तेच नाव घेतलं. त्याआधीच डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून परतले होते आणि नव्या दलित लेखकांसमोर निग्रो साहित्याचं उदाहरण ठेवत होते. ही उसनवारी लपवायची गोष्ट कधीच नव्हती, तेव्हाच्या लेखकांनी ती अभिमानाने सांगितली. पेटीत ठेवायला मी माझ्या वडिलांकडचं एक पुस्तकही दिलं होतं, जनार्दन वाघमारे सरांचा अमेरिकन निग्रो साहित्य आणि संस्कृतीवरचा ग्रंथ. वडील लातूर जिल्ह्यात शाळामास्तर होते. परदेश त्यांनी कधी पाहिला नाही. त्या पुस्तकात त्यांनी शिसपेन्सिलीने रेघा मारल्या आहेत, समासात ‘वर्गात सांगणे’ असं बारीक अक्षरात लिहिलं आहे. ते गेल्यावर मी आणलेल्या मोजक्या वस्तूंपैकी ही एक. उदगीरच्या बाजूच्या एका गावातला मास्तर सातवीच्या पोरांना फ्रेडरिक डग्लस सांगत होता. त्यांना हा विषय परका वाटला नाही. आपण डग्लसच्या देशात राहतो, इथे घरं घेतली, इथे मुलं वाढवली, आणि आपल्याला तो परका वाटतो. याचं मला फार वाईट वाटतं.

आपण इथे आहोत हेही कृष्णवर्णीयांच्या लढ्यामुळेच. १९४६ च्या कायद्याने भारतातून वर्षाला फक्त शंभर जणांना या देशात स्थायिक व्हायची मुभा होती. शंभर. हा देशनिहाय कोटा रद्द झाला १९६५ च्या कायद्याने. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदानाचा हक्क यांच्या पाठोपाठच तो आला, कारण कातडीचा रंग आणि जन्माचा देश पाहून माणसाला वेगळं वागवणं चूक आहे हे तोवर रस्त्यावर उतरून, लाठ्या खाऊन, तुरुंगात जाऊन कुणीतरी या देशाला मान्य करायला लावलं होतं. आपल्या मंडळाचे जुने सभासद सत्तरच्या दशकात आले. त्यांचा व्हिसा त्याच कायद्याखालचा. हे मी पाहुण्यांना सांगणार होते आणि ते सांगताना मागे आपल्या मंडळाचं नाव असावं एवढीच माझी इच्छा होती.

‘सध्याचं वातावरण’ या मुद्द्यावर मी तुम्हाला दोष देत नाही. भीती खरी आहे. आपल्यातल्या अनेकांची ग्रीन कार्डं वर्षानुवर्षं अडकली आहेत, कुणाला एच-वन-बीच्या नूतनीकरणाची धास्ती आहे. काही राज्यांत विद्यापीठांवर बंधनं आली आहेत. टेक्सासमध्ये तर १ जानेवारी २०२४ पासून सरकारी विद्यापीठांतले विविधतेसाठीचे विभाग कायद्याने बंद झाले. आमच्याकडे तसा कायदा नाही, तरी या वर्षी छपाईला निम्मेच पैसे मिळाले. म्हणूनच मी मंडळाकडे आले होते. ज्यांना भीती वाटते त्यांनी यायला हवं असं मी कधीच म्हटलं नाही. व्हिसावरच्या एकाही माणसाचं नाव कुठे लागणार नव्हतं. पण भीतीचं कारण असतं तर तुम्ही पुढच्या वर्षी यायची तयारी दाखवली नसती, तीही मजकूर कापण्याच्या अटीवर. मेलमधली तिसरी ओळ खरी आहे आणि बाकीच्या तीन तिच्यासाठी आहेत, असं मला वाटतं. चुकत असेन तर तसं लेखी सांगा. मी याच पत्राखाली दुरुस्ती करीन.

असं वाटण्याला कारण आहे, आणि ते लिहिताना मला त्रास होतो. सातव्या पेटीतल्या माहितीपट्ट्या आमच्या विद्यापीठात पीएच. डी. करणाऱ्या एका मराठी मुलाने लिहिल्या. तीन महिने, पैसे न घेता, मराठीत आणि इंग्रजीत. स्वच्छ, नेमकं, एकही शब्द जास्त नाही असं लेखन. डिसेंबरात मंडळातर्फे त्याला फोन गेला. मजकुराबद्दल एकही प्रश्न विचारला गेला नाही. विचारलं ते त्याचं पूर्ण नाव, मग गाव, मग गावात घर कुठल्या भागात. त्याने तिन्ही उत्तरं दिली. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘ताई, माझं नाव काढून टाका, म्हणजे पेटी राहील.’ मला चौदा वर्षांत कुणी असे तीन प्रश्न विचारले नाहीत. माझं आडनाव तुम्हाला माहीत आहे आणि त्याची कधी कुणाला अडचण झाली नाही. हा फरक माझ्या लक्षात यायला त्या मुलाला माझ्यासमोर उभं राहावं लागलं, याची मला लाज वाटते.

मी त्याचं नाव काढलं नाही. काढणारही नाही.

राहिली मुलांची भेट. हळदीकुंकवाला एक आई मला म्हणाली, ‘आपल्या मुलांना कशाला त्यांच्यात?’ मी त्यांना दोष देणार नाही, त्या चांगल्या मनाच्या आहेत. पण ‘त्यांच्यात’ म्हणजे कुणात? आपली मुलं रोज त्यांच्याच शेजारी बाकावर बसतात. मागच्या वर्षी १४ फेब्रुवारीला, डग्लस दिनाला, माझ्या मुलीसह शाळेची पाच मुलं आमच्याकडे आली होती. त्या दिवशी देशभर ठिकठिकाणी लोक एकत्र बसून जुनी हस्तलिखितं वाचून टंकित करतात, म्हणजे ती सगळ्यांना शोधता येतात. डग्लसचा वाढदिवस म्हणून केकही कापतात. एकोणिसाव्या शतकातलं वळणदार इंग्रजी अक्षर मुलांना लागेना. तेव्हा नऊ वर्षांच्या एका मुलाने सांगितलं, आमच्या पणजोबांची मोडीतली वही अशीच आहे, आधी एकच अक्षर सगळीकडे शोधायचं. त्यांनी तसं केलं. दोन तासांत दीड पान झालं. शेजारच्या टेबलावर एक कृष्णवर्णीय आजी बसल्या होत्या, त्यांनी मोडी म्हणजे काय ते त्या मुलाकडून समजून घेतलं आणि आपल्या वहीत ‘मोडी’ असं देवनागरीत काढून घेतलं. यापेक्षा चांगला मराठीचा तास मी सहा वर्षांत घेतला नाही. तीच मुलं आता विचारतात, या वर्षी का नाही? त्यांना काय सांगायचं ते तुम्ही सांगा.

माझ्या मागण्या या.

निर्णय मागे घ्या. मार्चपर्यंत थांबू नका, कार्यकारिणीची तातडीची बैठक ऑनलाइन घेता येते, गणपतीच्या हॉलसाठी आपण ती एका संध्याकाळीत घेतली होती. मागे घेणार नसाल तर कुणी बाजूने मत दिलं, कुणी विरोधात, आणि कारण काय, हे सभासदांना लेखी कळवा.

माहितीपट्ट्यांतला एकही शब्द वगळला जाणार नाही. तपशिलाची चूक असेल तर दाखवा, मी आणि तो मुलगा दुसऱ्या दिवशी सुधारू. पण ‘शूद्र’, ‘अस्पृश्य’, ‘दलित’ हे शब्द काढून जोतीराव आणि बाबासाहेब दाखवता येत नाहीत.

त्या विद्यार्थ्याची माफी मागा. जाहीर नको, त्यालाही ते नको आहे. ज्यांनी फोन केला त्यांनीच पुन्हा फोन करावा.

मुलांची भेट १५ फेब्रुवारीच्या आसपासच्या रविवारी ठेवा. ज्या पालकांना पाठवायचं नाही त्यांनी पाठवू नये, पण सगळ्यांच्या वतीने ‘रद्द’ म्हणू नका. आणि १९ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं भातवडीच्या लढाईला द्या. बोलायला माणूस मिळत नसेल तर मी बोलते.

पैशाचा आग्रह मी सोडला आहे. तो खर्च सात-आठ जणांनी मिळून उचलला आहे, त्यातले दोघे कार्यकारिणीतलेच आहेत, त्यांचे मनापासून आभार. मला मंडळाचं नाव हवं आहे, पट्टीच्या खाली, देवनागरीत, लहान अक्षरात का होईना.

माहितीपट्ट्या २७ जानेवारीला दुपारी छपाईला जातात. प्रमुख बाईंनी अजून जागा दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. त्यांनी मला एकदाही कारण विचारलं नाही, फक्त पेटीची किल्ली माझ्याकडेच राहू दिली आहे. २६ तारखेपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही, तर नावाची ती ओळ काढून पट्टी छापायला देईन आणि पेटी ठरल्याप्रमाणे लावीन.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद